माझ्या पोटात नुसती हवा

मित्रांनो, मी एक जुना सिलेंडर आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्यात ऑक्सिजन नसतो, हवा असते. तुम्ही आत्ता हे वाचताना जी फुकटात आत-बाहेर करता आहात, तीच. फक्त दाबून दाबून भरलेली, म्हणजे पाठीवर घेऊन पाण्याखाली फिरता यावं. हे मी गेली चौदा वर्षं मनातल्या मनात ओरडून सांगतो आहे. पण तोंड म्हणून ज्याला एक पितळी झडप तेवढी मिळाली आहे, त्याचं ऐकतो कोण?

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या एका गोळ्यातून झाला. कारखान्यात मला दाबून लांब केलं, मान काढली, मानेवर जन्मतारीख ठोकली आणि पिवळा रंग दिला. गढूळ पाण्यातही दिसावा म्हणून पिवळा. पहिली वर्षं समुद्रकिनारी गेली. तिथे माझी ऐट होती. रोज संध्याकाळी मला गोड्या पाण्यानं धुवायचे, सावलीत उभं करायचे. पाण्यातून वर आलेली माणसं मासे पाहिल्याच्या आनंदात मला मिठी मारायची. तीसुद्धा फोटोखाली ‘ऑक्सिजन घेऊन समुद्रात’ असंच लिहायची, पण तेव्हा मी मनावर घेत नव्हतो. तरुणपणी माणूस बरंच काही सोडून देतो. सिलेंडरही देतो.

मग प्रफुल सर आले. सर चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. सुट्टीत समुद्रावर डायव्हिंग शिकले आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला, की कॉलेजात स्कूबा क्लब काढायचा. समुद्र शेकडो किलोमीटरवर, इथे कोळशाच्या खाणी आणि जंगल. लोक हसले. सर हटले नाहीत. त्यांनी सात जुने सिलेंडर आणि एक कुरकुरणारा कॉम्प्रेसर गोळा केला. त्या सातांतला मी सातवा.

आणि इथे माझे हाल सुरू झाले. माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. दार आपटू नये म्हणून मला दाराशी टेकवलं. मुलांनी मला स्टंप करून क्रिकेट खेळलं, आणि एकदा तर मी त्रिफळाचीत झालो. क्लबची खोली बघायला येणारा प्रत्येक पाहुणा मला टिचकी मारून म्हणायचा, “अरे वा, ऑक्सिजनचं सिलेंडर!” माझा संताप झडपेपर्यंत यायचा आणि तिथेच अडायचा.

माझी काळजी घेणारा एकच माणूस होता, सोमाजीभाऊ. एकतीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीतल्या बचाव पथकात काढली. खाणीत आग लागली, विषारी वायू पसरला की पाठीवर श्वासाचं यंत्र बांधून आत शिरायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते क्लबची खोली सांभाळू लागले. माझ्या मानेवरची तारीख चष्मा लावून वाचणारे तेवढेच. रोज सकाळी मला फडक्यानं पुसायचे आणि म्हणायचे, “श्वासाचं सामान आहे. याच्याशी मस्करी नाई.” अशा माणसाच्या हातून माझ्या बाबतीत चूक होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

या वर्षी मार्चमध्ये सरांनी आठवड्याभराचं शिबिर ठरवलं. जिल्ह्यातल्याच एका जुन्या धरणाचा जलाशय, भिंतीजवळ बारा मीटर खोल पाणी, सात विद्यार्थी आणि सात सिलेंडर. तयारी हर्षाकडे, ती क्लबची सेक्रेटरी. हर्षाकडे याद्या होत्या. यादी कुठे ठेवली आहे याचीही यादी होती. तरी नूडल्सची चाळीस पाकिटं बांधली गेली आणि पाण्यात घालायचे चष्मे राहिले. पोहताना पायांत घालायच्या रबरी परांची एक जोडी दोन्ही डाव्या पायांची निघाली. कमरेला बांधायची शिशाची वजनं सापडेनात. ती ऑफिसातल्या बाई दोन वर्षं कागदांवर ठेवत होत्या. मी कोपऱ्यातून सगळं पाहत होतो आणि आतल्या आत फुगत होतो.

सातवा सिलेंडर सातव्या नावाला, म्हणजे मी दीपालीला. दीपाली अहेरीच्या पुढच्या एका जंगलातल्या गावची. नदीत पोहून मोठी झालेली, पण वर्गात तोंड न उघडणारी. लेखी परीक्षेत तिचा एकच प्रश्न चुकला. ‘पाण्याखाली शुद्ध ऑक्सिजन वापरावा का?’ तिनं लिहिलं, ‘हो, तब्येतीला चांगला.’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिला पंचवीस वेळा लिहायला लावलं की सहा मीटरच्या खाली शुद्ध ऑक्सिजन विषासारखा लागतो, झटके येतात, तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. माझ्याशेजारी बसून, डोळे पुसत, तिनं पंचवीस वेळा लिहिलं. त्या दिवशी मला सरांचा राग आला होता.

शिबिराच्या तीन दिवस आधी तिची आई, सोनीबाई, मोहफुलांचे लाडू घेऊन भेटायला आली. माझ्यापाशी थांबून तिनं विचारलं, “याच्यात काय भरते?”

“हवा, माय.”

“हवा? हवा तं आपल्या गावाले मस्त आहे. भरून काऊन नेता?”

“पाण्याखाली नाई न भेटत.”

सोनीबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “माह्या पोरीले सांभाळजो, बाबा.” मला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी मनातल्या मनात हो म्हणालो.

शिबिराच्या आदल्या दिवशी कॉम्प्रेसर सुरू केला. सहा सिलेंडर भरले आणि त्याचा पट्टा फाटकन तुटला. मी रिकामाच. नवा पट्टा नागपूरहून दोन दिवसांनी थेट धरणावर येणार होता, पण पहिली बुडी उद्याची. सर जागेची परवानगी आणायला गेलेले, हर्षा चष्मे शोधायला. सोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्या मायेनं म्हणाले, “तुले तसाच नाई ठेवणार, बेटा. पोरगी मागं राहील.”

त्यांनी मला मोटरसायकलला दोरीनं बांधलं आणि बल्लारपूरला नेलं. कागद कारखान्याच्या वासातून आम्ही एका दुकानापाशी थांबलो. दवाखान्यांना सिलेंडर पुरवणारं दुकान होतं ते. तिथली नळी माझ्या झडपेला बसेना. देवाचे आभार मानावेत तर सोमाजीभाऊंनी खिशातून लेथवर करून घेतलेला पितळी जोड काढला. तो बसला!

दुकानदारानं विचारलं, “हे कोणत्या कामाचं आहे, भाऊ?”

“श्वास घ्याच्या.”

“मंग ऑक्सिजनच न?”

“एकदम शुद्ध भर. लेकरं आहेत.”

मित्रांनो, मी किती ओरडलो असेन याची कल्पना करा. पण त्यांचंही काय चुकलं? खाणीतल्या बचावाच्या यंत्रात ऑक्सिजनच असतो. एकतीस वर्षं त्यांनी तोच भरला, तोच ओढला, त्यावर माणसं जिवंत बाहेर काढली. चांगल्यातलं चांगलं ते माझ्यात भरत होते, आणि माझ्या पोटात दीपालीचं मरण साठत होतं. ज्या शब्दाचा चौदा वर्षं मला नुसता वैताग होता, त्याची त्या दिवशी मला भीती वाटली.

एवढ्यावर भागलं नाही. दुपारी त्यांनी ब्रश आणला आणि मला रंगवायला बसले. काळं अंग, पांढरा खांदा. माझा पिवळा रंग! मी स्टंप झालो, टॉवेलांची दोरी झालो, आता हेही? रागानं मला एवढंही सुचलं नाही की हा माणूस उगाच कशाला रंगवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस दारात उभी. हर्षा यादीवर खुणा करत ओरडत होती, “सिलेंडर चढवा! अर्धा तास उशीर झाला!” एकानं मला उचलताना म्हटलं, “सातवा एकदम हिरो दिसून राह्यला.” फोटोसुद्धा काढला. मी आणि मागे सहा हसरे चेहरे.

दीपाली तेवढी हसली नव्हती. ती सोमाजीभाऊंपाशी गेली. “भाऊ, काळा काऊन रंगवला?”

“ऑक्सिजनले काळं अंग, पांढरा खांदा. नियम आहे, पोरी. आत जे आहे ते बाहेर दिसलं पाह्यजे. रंगानं खोटं बोललं का माणूस मरते.” ते अभिमानानं पुढे म्हणाले, “तुह्यासाठी शुद्ध आणला. बल्लारपूरहून.”

दीपालीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं. बोलली तर मी उतरणार, आणि माझ्याबरोबर तीही. सात मुलं, सहा सिलेंडर. शिवाय ज्यांनी तिच्यासाठी एवढं केलं, त्या म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांसमोर चुकला म्हणायचं. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी ती. बसवाल्यानं हॉर्न वाजवला. बोल ग, मी म्हणत होतो, एकदाच बोल.

“सर,” ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. मग पुन्हा, जोरात, “सर! सातव्यात ऑक्सिजन आहे!”

“आता अजून काय?” हर्षा वैतागली. सर धावत आले. काळा रंग पाहिला, सोमाजीभाऊंच्या हातातला तो पितळी जोड पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

सोमाजीभाऊंना काही कळेना. “खाणीत आमी हाच वापरला. एक बी माणूस दगावला नाई.”

“खाणीत डोक्यावर पाणी नव्हतं न, भाऊ,” दीपाली हळूच म्हणाली. “सहा मीटरच्या खाली हे इख होते. मी पंचवीस वेळा लिहिलं आहे.”

सोमाजीभाऊ पायरीवर बसले. “मी मारलं असतं तुले.”

“नाई भाऊ. तुम्ही रंग लावला, म्हणून तं मले समजलं.”

हे ऐकून मला माझीच लाज वाटली. ज्या रंगावरून मी एवढा जळफळलो, त्यानंच तिला वाचवलं होतं. झडप असलेल्या तोंडानं मला जे सांगता आलं नाही, ते त्या माणसाच्या शिस्तीनं सांगितलं.

सरांनी मला मोकळ्या मैदानात नेलं, कुणी काडी ओढू नका म्हणून बजावलं, आणि हळूहळू झडप उघडली. बराच वेळ मी फुसफुसत राहिलो. रिकामा झालो तेव्हा सगळे दीपालीकडे बघत होते. ती म्हणाली, “मी पट्टा आल्यावर उतरीन.” तिचे डोळे भरले होते.

तेव्हा सोमाजीभाऊ उठले. मोटरसायकल काढली, आणि अर्ध्या तासात ओळखीच्या गुलाबभाऊच्या पिठाच्या गिरणीचा जुना पट्टा घेऊन आले. या वेळी त्यांनी आधी तो सरांपुढे धरला. “चालते का ते तुम्ही पाहा, सर. मी नाई लावत.” सरांनी मापला. बसला. कॉम्प्रेसर पिठाची भुकटी उडवत सुरू झाला. उरलासुरला ऑक्सिजन जावा म्हणून मला एकदा भरून पुन्हा रिकामं केलं, मग परत भरलं. कोरडी, साधी, चंद्रपूरची हवा.

तीन तास उशीर झाला होता. तरी सोमाजीभाऊ मला बसमध्ये चढवू देईनात. “आत हवा, बाहेर ऑक्सिजन? असं नाई चालत.” हॉर्न वाजत राहिला, हर्षा डोक्याला हात लावून बसली, आणि त्यांनी मला पुन्हा पिवळं केलं. पोटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हवा.

मित्रांनो, आम्हां सिलेंडरांना धुवा, पुसा, आमचे स्टंप करू नका, हे तर मी सांगणारच. पण पाठीवर घेण्याआधी एकदा विचारा, आत काय आहे? विचारायला लाजू नका. आणि कुणी मायेनं काही भरून आणलं असेल, तर त्यालाही विचारा.

माझा रंग ओला, म्हणून मला पुढच्या सीटवर वर्तमानपत्रावर उभं केलं आणि पट्ट्यानं आवळलं. चालक हरिदासनं आरशात पाहून म्हटलं, “ते ऑक्सिजनचं सिलेंडर नीट धरा जी.”

“हवा!” अख्खी बस ओरडली. सगळ्यांत मोठा आवाज सोमाजीभाऊंचा होता.