दोन वेण्यांसाठी चाललेली पावलं

मी एक जुना पितळी डिव्हायडर आहे. मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत दोन टोकदार पायांचा, कुणीच हात न लावणारा एक गडी असतो ना, तोच! पण मला बिचारा समजू नका. वाकड्या रेषेवर सारख्या अंतराने पावलं टाकावीत ती मीच.

माझ्या मालकीणबाई कृत्रिम कान बनवतात. सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणतात. चांगल्या कानाचा फोटो आरशातल्यासारखा उलटवून त्या त्याची कड कागदावर काढतात आणि शेजारी मेणाच्या कानाची. दोन्ही कडांवर मोजून तेवढेच ठिपके सारख्या अंतराने द्यायचे, पहिल्यासमोर पहिला, दुसऱ्यासमोर दुसरा ठेवायचा. मेण कुठे जास्त, कुठे कमी, ते लगेच कळतं. ठिपक्यांचं काम माझं.

मध्यंतरी बाईंचा भाचा मदतीला आला.

"मावशी, या खटाऱ्याला कशाला नाचवतेस? मी नजरेनंच देतो की ठिपके!"

आणि मला रंगाचे डबे उघडायला लावलं. माझ्या टोकांनी! असा संताप आला म्हणून सांगू!

नेमकी तेव्हाच एक मुलगी आईबरोबर आली. तिला जन्मापासून एकच कान. केस कायम पुढे ओढलेले. "मला शाळेत दोन वेण्या घालून जायचंय," एवढंच ती बोलली.

चांगल्या कानाच्या वरच्या वळणावर भाच्याचा हात रेंगाळला. तिथे ठिपक्यांची नुसती दाटी, खाली सगळं विरळ. मेणाच्या कडेवर मात्र त्याने कंटाळून भराभर दिले. मोजायला सारखे, पण जोड्या चुकलेल्या. बाईंना वाटलं कानाची पाळीच लांब झाली, म्हणून त्यांनी ती खरवडली. तो मेणाचा कान लावून मुलीने आरशात पाहिलं आणि केस पुढे ओढले.

बाईंचा चेहरा उतरला. "बाळा, तुझ्यात काही खोट नाही गं. आमचे ठिपके चुकले." मग भाच्याकडे वळून, "माझा डिव्हायडर कुठाय?"

मला डब्यांमागून काढलं, पुसलं, टोकं घासली. पाय फार फाकवले तर मी वळण उडी मारून ओलांडतो, हे बाईंना पक्कं ठाऊक. त्यांनी पाय जवळ घेतले आणि मी तुरुतुरु निघालो. शेवटी थोडी कड उरली. पाय किंचित फाकवून पुन्हा पहिल्यापासून! अखेर शेवटचं पाऊल नेमकं टोकावर पडलं. दुसऱ्या कडेवरही तेवढीच पावलं, फक्त जरा आखूड, कारण पाळी खरवडलेली. आता वळणासमोर वळण आलं, पाळीसमोर पाळी, आणि कमी पडलेलं मेण बाईंनी पुन्हा भरलं.

भाच्याने कान पकडले. "चुकलो, मावशी."

"पकड, पकड. तुटला तर इथेच करून देईन!"

मुलगी पहिल्यांदाच खुदकन हसली.

मित्रांनो, माझ्या भावंडांना डबे उघडायला आणि बाकांवर भोकं पाडायला लावू नका. आमचं टोक वाकलं की पाऊल चुकतं, आणि ते भलत्यालाच भोवतं.

नवा कान बसला त्या दिवशी आईने सवयीने लेकीचे केस पुढे घेतले. लेकीने तिचा हात धरला.

"मागे घे ना, आई. दोन वेण्या. आणि घट्ट घाल."