तिसऱ्या नावानंतर

"केस विंचरायचे मी, नखं कापायची मी, कुशीवर वळवायचं मी. आणि हाका मारायच्या त्यांना," चिमी आईच्या वेणीत पुटपुटली. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. अर्धांगाच्या झटक्यानं आईची वाचा नेली होती, कान नव्हे.

वाचाही अगदीच नेली नव्हती. चौघा मुलांना मारायची एक हाक तोंडात उरली होती, तीही पाऊण.

"दादू-बेबी-गुंड्या..." आई म्हणायची आणि थांबायची. डोळे दाराकडे. मग पुन्हा पहिल्यापासून. चौथं नाव चिमीचं, ते काही केल्या येत नसे.

बोलायला शिकवणाऱ्या मॅडम वयानं कोवळ्या, पण समजूतदार होत्या. "माणूस लांबलचक गोष्ट सुटी सुटी लक्षात ठेवत नाही हो, ताई. जुडी बांधतो. फोन नंबर नाही का आपण तुकड्यातुकड्यांनी म्हणत? मधलाच आकडा कुणी विचारला, तर पहिल्यापासून यावं लागतं. आजी चार नावं शिकल्याच नाहीत. त्या एकच लांब शब्द शिकल्यात. ज्या नावाशी येऊन थांबतात ते तिसरं नाव गाळा, तिघांची नवी जुडी बांधा."

"गाळाच," दादू लगेच म्हणाला. "तो विषयच नको." तो रविवारी यायचा, तासभर बसायचा, सल्ले देऊन जायचा.

विषय असा, की आई इस्पितळात असतानाच गुंड्या परगावी तापानं गेला. आईला कळू द्यायचं नाही, हे दादूनं ठरवलं. "जहाजावर गेलाय," इतकंच सांगायचं. वर्ष उलटलं, जहाजाला काही किनारा लागत नव्हता.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून आलं, की चिमी आईकडून घोकून घ्यायची, "दादू-बेबी-चिमे." आई दोन नावं शहाण्यासारखी म्हणायची, आणि पुढं जिभेवर गुंड्याच.

"राबतेय मी, आणि आठवतोय तो!" चिमी फणकारायची.

त्या रविवारी ती दाराशी फडकं पिळत होती. पाठीमागून हाक आली, "दादू-बेबी-गुंड्या..." आणि तशीच पाठमोरी ऐकताना तिला लहानपणची हाक आठवली. दादू, बेबी जवळपासच असायचे. गुंड्या गल्लीच्या टोकाला. त्याची ओ येईपर्यंत आई हाक अडवून धरायची. "कुठं उलथलाय मेला!" ओ आली, की मग हळूच, "चिमे." चिमी तर कमरेलाच चिकटलेली. तिला हाक कसली? तो नुसता सुटकेचा श्वास.

म्हणजे ओसुद्धा त्याच शब्दातली.

चिमी बाहेर गेली आणि जाडा आवाज काढून ओरडली, "ओऽऽ!"

"वेड लागलं का तुला?" दादू ताडकन उठला.

"चिमे," आत आई म्हणाली. स्वच्छ.

चिमी धावत आली. आईनं चालत्या हातानं तिचं मनगट धरलं. चेहरा मात्र हसरा नव्हता.

"तू... तू दिलीस. ओ."

"अगं आई, गुंड्या जहाजावर गेलाय ना, म्हणून हिनं गंमत..." दादू सावरून घेऊ लागला.

"गेलाय," आई म्हणाली. पुढच्याला जुडी नव्हती. एकेक शब्द तिला सुटा उचलावा लागत होता. "जहाज... नाही. दादू. मेलाय तो."