कोणाचां गो तू?

चंद्रावतीबाईंनी एक वेळ चहा सोडला असता, पण समोर आलेल्या पोरीला "कोणाचां गो तू?" विचारायचं काही सोडलं नसतं. गोव्याच्या टोकाला, पेडण्यात, ओळख तिथूनच तर सुरू होते! पोरगी कोरगावची निघाली की बाईंना तिची मावशी आठवायची, पार्स्याची निघाली की तिची आजी. तुयेच्या औषध कारखान्यात त्या पॅकिंगच्या मुख्य झाल्या, मुलाखती घ्यायला लागल्या, तरी पहिला प्रश्न तोच.

त्या वर्षी गोळ्यांच्या पट्ट्या करणाऱ्या मशीनवर एकच कायमची जागा निघाली. अर्ज दोघींचे. एक पार्स्याची तनया. दुसरी शीतल, तेरेखोल नदीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या आरोंद्याची, इथेच सहा वर्षं कंत्राटावर राबणारी. शीतल याआधी दोनदा हात हलवत परतली होती आणि पुढच्या वर्षी तिची भरतीची वयोमर्यादा उलटणार होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. मुलाखती झाल्या आणि बाईंनी यादीत तनयाचं नाव लिहूनसुद्धा टाकलं. सही तेवढी शुक्रवारी व्हायची होती.

मंगळवारी स्नेहा आली. ती म्हापशाला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. मुलाखती घेणाऱ्या सगळ्यांची चाचणी घ्या, असा वरून हुकूम होता. लॅपटॉपवर एकेक शब्द यायचा आणि विचार न करता डावं किंवा उजवं बटण दाबायचं. आधी पेडण्याची मांद्रे, कोरगाव, धारगळ ही गावं आणि 'कामसू', 'भरवशाचा' हे शब्द डावीकडे. नदीपलीकडची आरोंदा, सातार्डा, मडुरे आणि 'आळशी', 'बेभरवशी' उजवीकडे. बाईंची बोटं नुसती नाचली. मग अदलाबदल झाली. आता आरोंद्याचं आणि 'कामसू'चं बटण एकच. बाईंचं बोट दर वेळी अडायला लागलं, चुकायला लागलं.

"बाई, तुमच्या मनाला पलीकडचं गाव आणि चांगला शब्द एकत्र ठेवणं जड जातंय," स्नेहा म्हणाली.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "काहीतरीच! अर्धं पॅकिंग पलीकडच्या पोरी चालवतात माझं! मी का त्यांना परकं मानते? हा सगळा बटणांचा पोरखेळ. लाव परत."

परत लावली. तेच. तिसऱ्यांदा चष्मा पुसून बसल्या, तरी तेच!

"यावरून तुम्ही कुणावर अन्याय केलात असं मी म्हणणार नाही," स्नेहा शांतपणे म्हणाली. "चाचणी फक्त ओढा दाखवते. केलं काय, ते तुमच्या कागदांना विचारा."

ती गेल्यावर बाईंनी दार लावलं आणि मुलाखतीचे कागद काढले. या पोरीला खोटं पाडते की नाही बघा, अशाच तोऱ्यात. तनयाच्या कागदावर त्यांच्याच अक्षरात प्रश्न होते: फॉइल तिरकी गेली तर काय करशील? पट्टीत गोळीचा खण रिकामा राहिला तर? शीतलच्या कागदावर होतं: पावसात बस चुकली तर? लग्न झाल्यावर येशील का? घरचे सोडतील का? मशीनबद्दल एक अक्षर नाही. मागच्या दोन मुलाखतींचे कागद काढले. तिथेही बस, लग्न, घरचे. आपला तो बाब्या म्हणून दुनियेला हसणाऱ्या चंद्रावतीबाई स्वतःच्या अक्षराकडे बघत बसल्या. लाज वाटली, रागही आला, आणि राग सगळा स्वतःचाच.

पण रडत बसणारी बाई ती नव्हे. मन एका दिवसात धुऊन निघत नाही, एवढं तीन वेळा बटणं दाबून कळलं होतं. मग मनाच्या हाती निवाडा द्यायचाच कशाला? यादी टराटरा फाडली आणि गोपाळ फिटरला बोलावलं.

"मशीनात तीन दोष घाल. दोघींना वेगवेगळं आत पाठव, टोपी-मास्क लावून. एक नंबर, दोन नंबर. नाव माझ्या कानावर आलं तर तुझी खैर नाही! मी पलीकडच्या खोलीत बसते."

गुरुवारी गोपाळनं दोन ताटल्यांत पट्ट्या आणून ठेवल्या, शेजारी वेळेची चिठ्ठी. बाईंनी एकेक पट्टी उजेडात धरली. एक नंबरनं दोन दोष काढले होते, तारखेचा पुसट शिक्का राहिला होता. दोन नंबरनं तिन्ही काढले, तेही सहा मिनिटं आधी.

"दोन नंबर," बाई म्हणाल्या. "आता सांग नाव."

"शीतल."

छातीत पहिली कळ उठली ती 'अरेरे, तनया राहिली' अशीच. ती कळ बाईंनी ओळखली. अजून आहेस होय गो मेल्ये? ऱ्हव तर तिथंच. त्यांनी पेन उचललं, नव्या यादीत शीतलचं नाव लिहिलं आणि शुक्रवारची वाट न बघता सही ठोकली.

शीतलला बोलावून नेमणुकीचा कागद पुढे केला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला. बाईंना वाटलं, आता पाया पडेल. शीतलनं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण आवाज पक्का होता.

"बाई, मी आधी दोनदा मुलाखतीक इललंय. तेव्हा पण मशीन ह्यांच होतां."

"होय गो," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "मशीन ह्यांच होतां. खुर्चीवर पण मीच होतंय."

शीतलनं सहीसाठी कागद टेबलावर ठेवला. बाईंनी आपलं पेन तिच्या हातात दिलं.