मागच्या दाराची कडी

गल्लीतल्या निम्म्या पोरांनी पहिलं पाऊल टाकलं ते थोरलीच्या घरात. चौदा वर्षं ती लोकांची मुलं सांभाळत होती. आईने कामाला निघताना मूल थोरलीच्या कडेवर द्यायचं आणि संध्याकाळी पोट भरलेलं, हसतं मूल घरी न्यायचं, असा शिरस्ताच पडून गेला होता. मग नियम निघाला. तीनपेक्षा जास्त मुलं घरात सांभाळायची तर परवाना हवा. त्यासाठी प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, घर तपासून घ्यायचं.

“मला मुलं सांभाळायला कागद लागतो?” फॉर्म आणून देणाऱ्या नवऱ्यालाच थोरलीने झापलं. “त्या कागदाने पोरांची शी धुता येते का?”

फॉर्म रद्दीत गेला. सात मुलांची तीन झाली. आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेने गुपचूप तोच फॉर्म आणून भरला.

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा मूल उचलताना मानेखाली हात द्यायचा असतो, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिच्या पोराला पहिली अंघोळ घातली ती थोरलीने. तीच आता वही घेऊन वर्गाला जात होती, रबरी बाहुलीच्या छातीवर दाब देऊन प्रथमोपचार शिकत होती. “बाहुली रडत नाही, म्हणून जमतंय,” थोरली नवऱ्याला म्हणाली. तो पेपरात तोंड घालून बसला.

परवाना येईपर्यंत तीन मुलं ठेवायला हरकत नव्हती. धाकटीने तीन मुलं घेतली. त्यातली एक होती चिमणी, दोन वर्षांची, कुरळ्या केसांची, जी थोरलीच्या खांद्याशिवाय कुठे झोपत नसे. तिच्या आईने अगदी ओशाळून सांगितलं, “त्यांना परवाना मिळणार आहे ना, मावशी. पाळणाघराचे पैसे द्यायला आमच्या ऑफिसात तसा कागद मागतात.”

त्या दिवसापासून थोरलीला जिन्यात सारखं काही ना काही काम निघू लागलं. कधी जिना झाडायचा, कधी कठडा पुसायचा. जिन्याच्या खिडकीतून खालची मागची खोली दिसायची. चिमणी तिथे ठोकळे रचत बसलेली असायची, मागच्या दाराला पाठ टेकून.

त्या दाराची कडी थोरलीला चांगली माहीत होती. लग्नानंतर आठ वर्षं तीच खाली राहिली होती. कडी दिसायची घट्ट, पण दार खालच्या बाजूने ढकललं की निसटायची. थोरली दाराशी लाकडी पेटी सरकवून ठेवायची. वर राहायला गेली तेव्हा पेटीही सोबत गेली. दारापासून तीन पावलांवर पाण्याचा हौद होता, उघडा आणि बुटका.

एकदा चिमणीने पाठीने दार रेटलं तेव्हा थोरली खिडकीकडे धावली. हाक मारायला तिने तोंड उघडलंही. मग वाटलं, सांगू तपासणीच्या दिवशी, धाकट्या बाईसाहेबांची फजिती होऊ दे. तिने तोंड मिटलं आणि कठडा पुसायला घेतला.

तपासणीसबाई आल्या त्या दिवशी थोरली उसनं आणलेलं पातेलं परत द्यायच्या निमित्ताने खाली उतरली. तपासणीसबाईंनी औषधांच्या कपाटाची उंची मोजली होती, विजेच्या बटणांवरची झाकणं ओढून पाहिली होती, आता कागदावर खुणा चालल्या होत्या.

“या कोण?” त्यांनी विचारलं.

“वर राहतात,” धाकटी घाईने म्हणाली. “माझ्या कामाशी त्यांचा काही संबंध नाही.”

काही संबंध नाही! थोरलीला कोणी मुस्कटात मारल्यासारखं झालं.

“मॅडम, मागचं दार बघितलंत?”

“बघितलं. कडी उंचावर आहे, ठीक आहे.”

“जरा खालून ढकला.”

तपासणीसबाईंनी गुडघ्याने दार रेटलं. कडी निसटली, दार सताड उघडलं आणि समोर हौदातलं पाणी चमकलं. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

“परवाना आज मिळणार नाही,” बाई म्हणाल्या. “दार बदला, हौदाला झाकण बसवा. मी महिन्याने येईन. तोवर एकही मूल इथे ठेवायचं नाही.”

थोरली दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली, गड जिंकल्यासारखी.

दुपारी धाकटी वर आली. डोळे रडून सुजले होते, पण आवाज शांत होता.

“ताई, कडी अशी आहे हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“मी आठ वर्षं राहिलेय खाली. मला नाही तर कोणाला माहीत असणार?”

“म्हणजे चिमणी माझ्याकडे आली त्या दिवशीही माहीत होतं.” धाकटी थांबली. “दीड महिना ती त्या दाराला टेकून खेळली. मला कळलं नाही, ती माझी चूक. पण तुम्ही तर रोज जिन्यातून बघत होतात.”

धाकटी आली तशी निघून गेली.

चौदा वर्षांत मुलाला साधं खरचटलं तरी थोरलीच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि आता जावेची फजिती बघायला तिने चिमणीला त्या दाराशी खेळू दिलं होतं. थोरली ती जुनी लाकडी पेटी रिकामी करून, धापा टाकत, एकटीने खाली घेऊन गेली. धाकटीने दारातूनच सांगितलं, “सुतार येतोय,” आणि दार लावून घेतलं.

तो महिनाभर चिमणी पुन्हा थोरलीकडे आली. पण खांद्यावर घेतलं की अंग ताठ करायची. “खालची मावशी हवी,” म्हणून रडायची. थोरली थोपटत राही आणि आतल्या आत जळत राही, आता कोणाला सांगायची सोयही उरली नव्हती.

महिन्याने परवाना भिंतीवर लागला. चिमणी खाली गेली. आठवड्याभरात थोरली स्वतः परवान्याच्या ऑफिसात जाऊन रांगेत उभी राहिली आणि फॉर्म घेऊन आली. शेवटच्या पानावर परवानाधारक व्यक्तीची शिफारस हवी होती. आजूबाजूला तशी एकच व्यक्ती होती.

“ठेवून जा,” धाकटी मांडीवरच्या मुलाला भरवत म्हणाली. वर बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत मिळाला. ‘चौदा वर्षांत यांच्या हातून एकाही मुलाला इजा झालेली नाही. माझा मुलगा यांनीच वाढवला.’ थोरलीने ते दोनदा वाचलं.

“दाराचं लिहिलं नाहीस?”

“फॉर्ममध्ये तो प्रश्न नाही,” धाकटी म्हणाली. “पण मी विसरलेय, असं समजू नका.”

थोरली मान हलवून वर आली. जावेचे उपकार खरोखरच मोठे होते. पण टेबलावर फॉर्म पसरला आणि तोच जुना हेवा पुन्हा जागा झाला. मेलीचं अक्षरसुद्धा कसं टपोरं, सुबक, एक खाडाखोड नाही! थोरलीने पेन उचललं आणि पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहायला घेतलं. दुसऱ्याच अक्षराला चुकलं, खोडावं लागलं.