एकेचाळीस पट्ट्या

घर विकायला काढलं तेव्हा एजंटबाई सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारून आल्या आणि सोफ्यावर टेकत म्हणाल्या, "घर चांगलं आहे. पण आजारी दिसतंय."

त्यांचं चुकलं नव्हतं. बाबांनी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. घरातलं काही बिघडलं की ते स्वतःच दुरुस्त करत, आणि त्यानंतर ती वस्तू आपल्याच तंत्राने चालू लागे. मग ते जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी कापून, तिच्यावर सूचना लिहून तिथेच डकवत. गीझरवर 'सकाळी एकदा. पंधरा मिनिटं. जास्त झाल्यास त्रास.' रिमोटवर 'वापरण्यापूर्वी हलवावे.' गॅलरीच्या खिडकीवर 'हळू. दोनदा.'

"रविवारी ओपन हाउस," एजंटबाई म्हणाल्या. "दहा ते एक लोक येऊन बघून जातील. तोवर या पट्ट्या निघायला हव्यात. इथे कोणी राहतं असं वाटताच कामा नये."

"राहत नाहीच," दादा म्हणाला.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. आईचे गुडघे तीन जिने चढेनात, म्हणून ती दादाच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होती. तळमजल्यावरचं एक लहानसं घर तिने पसंत केलं होतं, पण त्याचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. त्याआधी हे विकलं जायलाच हवं होतं.

दादा पट्ट्या फाडायला निघाला. मी हेअर ड्रायर आणला. गरम हवा दिली की पट्टी अख्खी निघते.

"टेप काढतेयस की ऑपरेशन करतेयस?" त्याने विचारलं. पण पहिली फाटल्यावर त्यानेही ड्रायर मागून घेतला. हॉल आणि स्वयंपाकघर त्याने केलं, बाकी मी. सगळ्या पट्ट्या आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ओळीने चिकटवल्या. एकेचाळीस भरल्या. घर नुकताच डिस्चार्ज मिळालेल्या माणसासारखं दिसत होतं, जरा फिकट, पण स्वच्छ.

रविवारी साडेअकराला एक जोडपं आलं. गृहस्थ प्रत्येक भिंतीवर टिचकी मारून बघत होते. "पाण्याचा जोर बघतो," म्हणून ते बाथरूममध्ये गेले आणि सवयीने आतून कडी लावली.

पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "अहो, हे उघडत नाही."

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. मी आईला फोन लावला.

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "तीस वर्षांत मी आतून कडी लावलीच नाही. आत असले की गाणं म्हणायचे."

मी कॅलेंडर आणलं. तेव्हा कुठे आमची चूक लक्षात आली. कुठल्याच पट्टीवर वस्तूचं नाव नव्हतं. बाबांना ते लिहायची गरजच पडली नव्हती. पट्टी त्या वस्तूवरच असायची.

"वाचत जा," दादा म्हणाला. "एखादी लागू पडेल."

मी दाराला तोंड लावून वाचायला लागले. "वापरण्यापूर्वी हलवावे."

आतून दार गदागदा हललं. "पुढे?"

"ते रिमोटचं होतं. सॉरी. 'दोन थेंब तेल. रात्रभर तसंच ठेवावे.'"

"रात्रभर?"

"तेही नसावं. 'पडून राहिल्यास बरे वाटते.'"

"अहो बाई, मला मटार आणायला जायचंय," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी भिंतीला टेकून हसत होत्या. "थांबा हो," त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तदाबावरही असेल एखादी."

एजंटबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या, या घराशी आपला संबंध नसल्यासारख्या.

एकोणिसावी पट्टी होती: 'आधी उचला. मग ढकला. दहा अंक मोजा. चिडू नये. मग ओढा.'

आतून दहापर्यंत मोजल्याचं ऐकू आलं, शांतपणे, आणि दार उघडलं. गृहस्थ घामाघूम होते. त्यांनी माझ्या हातातलं कॅलेंडर घेतलं, चष्मा वर केला आणि सगळ्या पट्ट्या उभ्याउभ्याच वाचल्या. मग दोघंही निघून गेली.

"झालं कल्याण," एजंटबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "त्यांना घर हवंय, आतल्या सामानासकट. सांगितलेल्या किमतीत. एकच अट आहे, पट्ट्या होत्या तिथे परत लावून द्यायच्या. त्यांच्याशिवाय हे घर चालवणं शक्य नाही, म्हणतात."

मी हो म्हणाले.

आईला जिने चढवून आणायला दादाला आणि मला पाऊण तास लागला. ती मधल्या खोलीत खुर्ची टाकून बसली आणि एकेक पट्टी वाचून सांगत गेली, ही पंख्याची, ही मिक्सरची, ही तिसऱ्या खणाची. 'पडून राहिल्यास बरे वाटते' इस्त्रीची निघाली. दुपारपर्यंत चाळीस जागी बसल्या.

एक उरली. 'रोज संध्याकाळी सात. न चुकता.' दादाने काढलेल्यांपैकी होती, पण कुठून ते त्याला आठवेना.

आईने ती हातात घेतली. "ही फोनपाशी होती," ती मला म्हणाली. "नंबरांच्या यादीत, तुझ्या नावासमोर." मग ती माझ्याकडे देत म्हणाली, "ही घराची नाही. ही त्यांना द्यायची नाही."

मी ती माझ्या मोबाइलच्या पाठीवर लावली. चिकटेना. दादाने बाबांच्या खणातली नवी पट्टी कापून वरून आडवी मारली.

संध्याकाळी सातला मी आईला फोन केला.

"काय गं, आत्ताच तर सोडलंस. काय झालं?"

"काही नाही," मी म्हणाले. "डोस."