मालकांनी माझी दुसऱ्यांदा हजामत केली तेव्हा

मी म्हैस बोलतेय. हसायचं तेवढं आधी हसून घ्या. नाव चिमणी, वजन पाच क्विंटल. दोष नाव ठेवणाऱ्याचा, माझा नव्हे.

जन्म नेसरी गावचा. दुसऱ्या वेताला टेम्पोत उभी राहून कोल्हापुरात आले, ती बाळासो मालक आणि त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या गोठ्यात. संध्याकाळी मालक मला चौकातल्या दूधकट्ट्यावर नेतात आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरच धार काढून देतात. फेसाची मिशी पुसत माणसं घरचं-दारचं बोलतात. मी रवंथ करत ऐकते. माणसांचा एवढा अभ्यास झाला, की मला वाटायचं, आपल्याला सगळं कळलंय.

शालूबाईंचं दुःख कळायला अभ्यास लागत नाही. भाकरी करपली, नणंद फोनवर तुटक बोलली, मालिकेतल्या सुनेला घराबाहेर काढलं, की त्यांनी गळा काढलाच. सकाळी धारेला बसल्या की शेजारच्या शेवंताबाई भिंतीपलीकडून हुंकार देतात. धार संपेपर्यंत रडणंही संपतं आणि चहाचं आधण चढतं.

मालकांची तऱ्हा निराळी. काही बिनसलं की ते मला धुतात. "काय झालं?" विचारलं तर "काय न्हाय, बरं हाय की!" आणि हातात पाण्याचा पाईप. भावाशी वाजलं तेव्हा मला तासभर काथ्यानं घासलं. लेकीच्या लग्नाच्या दिवशी तर माझी शिंगं तेल लावून अशी चकचकीत केली, की वऱ्हाडानं नवरीआधी माझाच फोटो काढला.

यंदा मात्र अती झालं. दिवाळीच्या पाडव्याला आम्हा म्हशींची मिरवणूक निघते, त्याआधी हजामत होते. ती वर्षातून एकदाच. मालकांनी डिसेंबरात पुन्हा वस्तरा फिरवला! अंगावर केस नाही, बाहेर थंडी, आणि वर दिवसातून तीनदा गार पाणी. माझं दूध दोन लिटरनं आटलं.

कारण फक्त मला माहीत होतं. घासता घासता मालक माझ्या कानाशी पुटपुटले होते, "चिमणे, काळजाची नस बंद झालीया. डॉक्टर म्हणत्यात, लगेच ऑपरेशन करा. शालीला कसं सांगू? गल्ली डोक्यावर घेईल ती." आणि रिपोर्टांची फाईल त्यांनी पेंडीच्या पिंपात खुपसली. एकेक दिवस उलटत होता. माझ्या जिवाला घोर लागला, पण मी सांगणार कशी?

दूध का आटलं म्हणून शालूबाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मला तपासलं आणि म्हणाले, "म्हैस ठणठणीत आहे. पण ऐन थंडीत हिला भादरली कुणी?"

मालक वर बघत छपराचे पत्रे मोजायला लागले.

डॉक्टर गेल्यावर शालूबाई माझ्या पलीकडच्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. अलीकडे मालक, मधे मी.

"चिमणे, मालकास्नी इचार, काय झालंय?"

"चिमणे, सांग तिला, काय न्हाय."

"त्यास्नी म्हणावं, तुम्ही खोटं बोलशीला, दूध खोटं बोलत न्हाय."

मालकांनी पिंपातून फाईल काढून माझ्या पाठीवर ठेवली. शालूबाईंनी पेंड झटकून पानन् पान वाचलं. मी कान पाडले. म्हटलं, आता गल्ली गोळा होणार. पण त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "उद्याच दाखल व्हायचं," एवढं म्हणून त्या भाकऱ्या थापायला गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. मालक घरी आले. जड काम बंद. मला धुणं शालूबाईंकडे आलं. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "शालूबाई लई धीराच्या!" त्या हसून चहा द्यायच्या.

एका दुपारी त्या माझा एकच खांदा घासत राहिल्या. घासता घासता हात थांबला. कपाळ माझ्या मानेला टेकलं आणि अंग गदगदायला लागलं. आवाज नाही. "चिमणे, त्यास्नी आत न्हेलं तवा मला वाटलं, संपलं सगळं."

करपलेल्या भाकरीसाठी गल्ली गोळा करणाऱ्या या बाईनं आयुष्यातलं सगळ्यांत मोठं रडणं दाबून धरलं होतं. माझा सगळा अभ्यास तिथंच पाण्यात गेला. मलाही रडू आलं.

मालक गोठ्याच्या दारात उभे होते. मला वाटलं, आता हे पुन्हा पत्रे मोजणार. पण ते आत आले, नळ बंद केला, तिच्या हातातला काथ्या काढून घेतला.

"म्हशीला काय सांगतीस, शाले? मी हाय की."

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी विनाकारण गाडी पुसत बसलं असेल, किंवा एरवी बडबडणारं माणूस एकाएकी शहाण्यासारखं वागत असेल, तर जवळ जाऊन विचारा. पहिलं उत्तर "काय न्हाय" येईल. हलू नका.

आता दोघं दुपारी गोठ्यात खुर्च्या टाकून बसतात. बोलतात, भांडतात, मधेच दोघांचेही डोळे भरतात. धारेची वेळ टळून जाते, कास ठणकते. तरी मी रेकत नाही. बोलू दे त्यांना.