पासाऊपर्यंत

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण ती रागावली की आधी घसा खाकरते हे मला ठाऊक आहे. ती अफगाणिस्तानात, हेरातमध्ये राहते. तिच्या मुलाचा सरहद्दीवर मालट्रकचा धंदा, म्हणून संशयावरून त्यांच्या घरचा फोन जर्मन हेरखात्याचं बवेरियातलं आमचं कार्यालय ऐकतं. मुलगा त्यावर फारसा बोलतच नाही. बोलते ती आई, व्हिएन्नात नर्स असलेल्या लेकीशी, शकीबाशी. आणि ऐकते मी, कारण हेरातची बोली इथे मला एकटीलाच येते.

माझी आईही हेरातचीच. मी दिल्लीत राहत असताना ती गेली. शब्द लांबवत बोलायची, अगदी या बाईसारखी. खरं सांगायचं तर मी कामावर धावत यायचे ती काही सरकारसाठी नाही.

आमचा नियम सोपा आहे. परदेशी माणूस परदेशात बोलत असेल तर ऐका. जर्मन माणूस, किंवा जर्मनीच्या जमिनीवरचा कुणीही बोलू लागला की तिथेच थांबा आणि पुसून टाका. शेजारी बसणारा आलोइस म्हणतो, "आपल्या माणसाची शिंकसुद्धा खाजगी. बाकी जगाचा खोकलाही आपला."

त्या दिवशी शकीबा रेल्वेतून बोलत होती. जर्मनीत, न्युरेंबर्गच्या इस्पितळात नोकरी लागली होती, सगळं सामान घेऊन निघाली होती. म्हणजे आता सरहद्द येईपर्यंतच मला या मायलेकींना ऐकता येणार होतं.

"तिकडे गंदन्याची भाजी मिळते का गं? बोलानीच्या पोळीत काय भरशील?" आईने विचारलं.

"कांद्याची पात भरेन."

"मग तिला बोलानी म्हणू नकोस. दुसरं काहीतरी नाव ठेव."

लेक हसली. "आई, पासाऊ आलं. जर्मनीत शिरलो बघ."

"काही वेगळं दिसतंय?"

"काही नाही गं. तीच कुरणं, त्याच गाई."

"बरं, ऐक, तुला एक सांगायचं राहिलंच..."

मी बंद केलं. नियमाप्रमाणे पुसलंही.

"सुटलीस बाई," आलोइस म्हणाला. "किती महिने भाज्या ऐकत बसली होतीस."

"रेल्वे सरहद्द ओलांडून आली म्हणून लेकीचं बोलणं खाजगी झालं. काल का नव्हतं? आणि आईचं कधी होणार?"

"आई परदेशी आहे."

"दिल्लीत मीही परदेशीच होते, आलोइस. आईला फोन करायचे."

तो हातातला खारा ब्रेझेल पाव मोडत म्हणाला, "मग तुमचंही कुणीतरी ऐकलं असेल. आपण नाही तर आणखी कुणी."

मला संताप यायला हवा होता. एरवी मी आलोइसला असा सोडत नाही. पण माझ्याकडे आईचा आवाज कुठेच नाही, एक वाक्यसुद्धा नाही. ज्याने कुणी ऐकलं, त्याने तरी तो पुसलेला नसू दे, एवढंच मनात आलं.